कडकडीत तेलात वाटीभर पाणी

आईला लावलेला फोन वाजून वाजून पुन्हा बंद झाला. सुलक्षणाने मासिकातलं ते वाक्य परत वाचलं. वर तिचाच हसरा फोटो होता, खाली तिचीच लसूण-पावाची कृती. तिने लिहून दिलं होतं, ‘तेल कडकडीत तापवून त्यात लसूण परतावा. पिठात वाटीभर पाणी ओतावे.’ छापताना मधले शब्द गळले होते. आता वाक्य झालं होतं, ‘तेल कडकडीत तापवून त्यात वाटीभर पाणी ओतावे.’

मासिकाच्या ऑफिसातली बाई शांतपणे म्हणाली, “पुढच्या महिन्यात दुरुस्ती छापू की, ताई.”

सुलक्षणाने सगळ्या ग्रुपवर इशारा टाकला. पण केडगावात एकट्या राहणाऱ्या तिच्या आई, रंगुबाई, कुठल्याच ग्रुपवर नव्हत्या. आणि कालच त्यांनी लेकीला ऐकवलं होतं, “उद्या तुझं पाव करनार. छापलंय तस्संच. अक्षर बदलायची न्हाई.”

शिरूरच्या आपल्या बेकरीचं शटर ओढून तिने स्कूटर काढली. न्हावऱ्यापाशी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. हॉर्न वाजवताना तिला रडू यायला लागलं. दिवाळीपासून ती आईकडे गेलीच नव्हती. दर रविवारी कसली ना कसली ऑर्डर असायचीच.

केडगावला पोचली तेव्हा दार उघडंच होतं. गॅसवर कढई होती, तेल चांगलंच तापलं होतं. आणि रंगुबाई पाण्याचा तांब्या उचलत होत्या.

“आई, ओतू नको!”

सुलक्षणाने तांब्या हिसकावला. निम्मं पाणी तिच्याच अंगावर सांडलं.

“अगं, तहान लागलीय मला,” रंगुबाई म्हणाल्या. “तापल्या तेलात पानी ओतायला मी काय येडी हाय व्हय? सकाळीच वाचलं आन् हसत बसले.”

सुलक्षणा तिथेच फरशीवर बसली. “मग हे तेल कशाला?”

“भज्यांना. तू येनार व्हतीस न्हवं?”

“मी येणार हे तुला कोणी सांगितलं? मी कधीची फोन लावतेय, एकही उचलला नाहीस!”

रंगुबाईंनी कांद्याचं पहिलं भजं तेलात सोडलं.

“उचलला असता, तर फोनवरच सांगून मोकळी झाली असतीस.”