मापाची सायकल

"याहून लहान नाही का, मिस्त्री?" तिसऱ्या सायकलच्या दांडीला वीत लावून शिंप्याने विचारलं.

"याहून लहान म्हणजे पाळण्यालाच चाकं लावून देतो." सायकलवाला हसला. जुन्या सायकली जोडून विकता विकता त्याचे केस पिकले होते. "बसणार कोण? नात?"

"नात कसली. आमची ही."

सायकलवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. त्याच्या नखांत निळा रंग भरला होता. "वहिनींची हिरवी आहे की. मीच जोडलेली."

"आहे. पण आता तिला ती मोठी होते."

शिंप्याची बायको पहिल्यापासून चणीने चिमणी. दुकानात काजं-बटणं करायला बसली की टेबलाआड दिसायचीच नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, शिंपीबुवा, तुमचं टेबल गातंय. कारण हात चालला की तिचं गाणंही चालायचं:

पुढं धावते हिरवी, मागं निळीची किणकिण,
वाट असावी लांबच, तिला नको आखूडपण.

हिरवी तिची, निळी त्याची. दोन्ही लग्नानंतरच्या पहिल्या कमाईतल्या. दरवर्षी थंडी सरली की दुकानाला कुलूप लागायचं आणि कॅरियरला तंबू बांधून दोघं डोंगरापलीकडच्या तलावाला निघायची. मुलं झाली, मोठी झाली, पांगली. तलावाची वारी चुकली नाही.

"माप सांगा," सायकलवाला म्हणाला.

शिंप्याने स्वतःच्या खांद्याला हात लावला. "लग्नात इथवर यायची. अजूनही इथवरच येते. उभी राहिली तर कुणाला कळणार नाही. पण मला कापड सांगतं ना. तिची विजार दरवर्षी बोटभर आत मुडपतोय मी. तिच्या नकळत."

सायकलवाला त्याच्या खांद्याकडे बघत राहिला. मग त्याने कान खाजवला.

"सीटही दरवर्षी गुपचूप खाली घेत आलो. आता सीट दांडीलाच टेकली. गेल्या खेपेला तलावाशी थांबताना तिचा पाय जमिनीला पुरला नाही. आडवी झाली. लागलं नाही, पण तेव्हापासून गाणं बंद. म्हणते, सायकल परकी झाली की भंगारात देईन, ओढूनताणून बसणार नाही. आणि ती देईल हो. मग आम्ही दोन खुर्च्यांवर बसायचं आणि एकमेकांच्या गोळ्या मोजायच्या."

"आणि तुमची निळी?"

"माझी आहे तशीच अंगाबरोबर. दोन्ही तळवे टेकतात. आमचं कापड आटणारं नाही, मिस्त्री."

सायकलवाला माळ्यावर चढला आणि एक धुळकट सांगाडा घेऊन उतरला. तीच घडण, तशीच लांब पल्ल्याची, पण चिमुकली. शिंप्याने दांडीवरून हात फिरवला, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"हिरवा रंग द्या. अगदी जुनीसारखाच. घंटी, सीट, टोपली मी जुनीच चढवीन. तिला कळता कामा नये."

"माझ्या तोंडाला कुलूप. हल्ली सगळ्यांना कुलूपच हवं असतं. आधीच्या गिऱ्हाइकाचंही हेच. जुनीच हवी, लहान हवी, रंग सांगू तोच हवा, आणि कुणाला सांगायचं नाही."

शिंप्याने सांगाडा घट्ट धरला. "हीच तर नाही ना मागितली त्यांनी?"

"छे. त्यांची दोन बोटं मोठी. तिला रंगाचा शेवटचा हात द्यायचाय अजून." सायकलवाल्याने कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेल्या सांगाड्याकडे मान हलवली. "तुम्हाला काय करायचंय? आपलं बघा."

पुढचे दिवस शिंप्याला घरात चोरासारखे गेले. बायकोला संशय येईल असं वाटायचं, पण तीच आपल्या नादात होती. एके दिवशी तिने त्यालाच घराबाहेर पिटाळलं. "अहो, ती कवळी एकदा दाखवून या. जेवताना टाळ्या वाजवल्यासारखा आवाज येतो."

"तुझ्या स्वयंपाकाचं कौतुक करते ती," तो म्हणाला, पण गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला धाकट्या बहिणीकडे धाडलं. तीही हुज्जत न घालता गेली, याचं त्याला नवल वाटलं. सायकलवाला म्हणाला होता, रंग नीट वाळू द्या. पण वाट कोण बघणार? उद्या पहाटे निघायचं होतं. जिन्याखाली बसून त्याने घंटी चढवली, सीट चढवली, टोपली बांधली. मोठी हिरवी शेजाऱ्याच्या पडवीत गेली.

ती आली तेव्हा तो म्हणाला, "जरा बसून बघ. तेलपाणी केलंय."

"कशाला उगीच," म्हणत ती बसली.

तिचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले. ती खाली बघत राहिली.

"अहो, टेकले."

"टेकणारच. गेल्या खेपेला खड्डा होता तिथे. मी म्हटलं नव्हतं?"

"म्हणाला होतात." तिने घंटी वाजवली. मग उतरली, हात पाठीमागे घेतले. "आता तुम्ही बसा बघू. तुमचंही माप बघू दे."

शिंप्याला स्वतःचं माप कधी घेता येत नाही. वाकून टेपकडे बघायला जावं, तर माप खोटं येतं. म्हणून त्याचं माप जन्मभर तिनेच घेतलं होतं आणि त्याच्या विजारीही तिनेच मुडपल्या होत्या.

त्याने निळीवर टांग टाकली. दोन्ही तळवे ऐटीत टेकवले. "बघ. तसूभर फरक नाही."

"नाही हो," ती म्हणाली. "आहात तसेच आहात."

आणि कितीतरी महिन्यांनी ती गुणगुणायला लागली. वाट असावी लांबच, तिला नको आखूडपण. शिंपी डोळे मिटून ऐकत राहिला. पहाटे निघायचं होतं, तंबू बांधायचा होता. खाली उतरताना त्याने दांडीचा आधार घेतला आणि हात उचलला.

तळव्याला निळा रंग लागला होता. अजून ओलसर.