सूर्यास्ताआधीचा डबा

चेलना शटलकडे बघतच नव्हती. तिची नजर सासऱ्यांच्या उजव्या टाचेवर होती.

गेल्या दिवाळीत याच कोर्टवर त्या टाचेमागची शीर तुटली होती. डॉक्टरांनी आता खेळायला हो म्हटलं होतं, चेलनानं नाही. शेवटी घरात अट ठरली: आज पाय एकदा जरी लंगडला, तरी रॅकेट माळ्यावर. कायमची.

नेमीचंद सत्तरीला टेकलेले. जाळीपलीकडे त्यांचे जुने प्रतिस्पर्धी, रावेरचे तोताराम आबा. ते आज प्रत्येक शटल अलगद नेमीचंदांच्या पुढ्यात आणून सोडत होते.

नेमीचंदांनी शटल हातानंच झेललं. "तोताराम, मला काय खेळवतोस? रूपल आहे का मी?"

आपलं नाव ऐकून चेलनाच्या कडेवरच्या तिच्या चिमुकल्या रूपलनं टाळ्या पिटल्या.

"सूनबाई पाहू राह्यली ना, शेठ!"

"पाहू दे. पळव मला."

आबांनी पळवलं. मागे, पुढे, पुन्हा मागे. "पप्पाजी, हळू!" चेलना ओरडली. पण टाच उचलली जात होती, टेकत होती, परत उचलली जात होती. बाजूच्या कोर्टवरची पोरं आपला खेळ सोडून इकडे आली. वीस-एकोणीस. नेमीचंदांना एकच गुण हवा होता.

बाकावर सासूबाई, लाडकुंवर, डबा उघडून बसल्या होत्या. जैनांच्या नेमाप्रमाणे सूर्य मावळला की सकाळपर्यंत नवरा-बायको दोघंही अन्नाचा कण की पाण्याचा थेंब घेत नसत. पश्चिमेच्या झरोक्यातून आलेला उन्हाचा पट्टा भिंत चढत छताला भिडत आला होता. त्यांनी उठून आधी नवऱ्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. नेमीचंदांनी ती घटाघटा संपवली.

तोताराम आबांनी रॅकेट खाली केली. "ऊन चाललं, शेठ. जेवाले बसा. बाकीचं उद्या खेयू."

नेमीचंदांनी डब्याकडे पाहिलं. मग रॅकेटकडे.

"सर्व्हिस करा, पप्पाजी!"

सगळे वळले. ओरडली होती चेलना.

नेमीचंदांनी सर्व्हिस केली. आबांनी ती मागे उडवली, मग मागे, पुन्हा मागे, आणि एकदम जाळीलगत टाकली. नेमीचंद झेपावले. सगळा भार उजव्या पायावर. शटल जाळीच्या पट्टीला घासलं, क्षणभर थांबलं आणि पलीकडे पडलं.

पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. रूपलला उंच उडवताना चेलनाच्या ध्यानात आलं, शेवटच्या शटलला टाचेकडे बघायचं राहूनच गेलं.

छताजवळचा पट्टा विझला होता.

लाडकुंवरनी डब्याचं झाकण लावलं. कडी खटकन बसवली.

"गेलीच वेळ," त्या म्हणाल्या. "आता घरी जायची घाई कशाला? अजून एक गेम होऊ द्या."