पलंगाखालची बरणी

“आज बरणी उघडल्याशिवाय मी इथून हलत नाही,” दातांचा डॉक्टर म्हणाला आणि खुर्चीत आणखी रुतून बसला.

पोर्टकाकांचं डोकं फिरलं. अकरा वर्षं हा माणूस हेच दळण दळत होता आणि अकरा वर्षं काका त्याला एकच उत्तर देत होते, “अजून तयार नाही.”

घरी वाइन करणाऱ्या चार-पाच जणांचं ते मंडळ. रविवारी दुपारी काकांच्या पुढच्या खोलीत जमायचं, विकत आणलेली एखादी पोर्ट, म्हणजे ब्रँडी घातलेली गोड वाइन, उघडायची, घोट घेऊन डोळे मिटायचे आणि ‘ही घ्याच’ म्हणून एकमेकांच्या मागे लागायचं. शेवटचा शब्द काकांचा. त्यांनी नाक मुरडलं की ती बाटली बाद. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून काकांना कोणी काही विचारत नव्हतं, पोटची मुलंसुद्धा नाहीत. फोन वाजायचा तो एवढ्यासाठीच. काका, ब्रँडी किती घालू? काका, व्याह्यांसाठी कोणती पोर्ट नेऊ? त्या फोनवर ते जगत होते म्हटलं तरी चालेल.

“काका, आता आम्ही म्हातारे झालो हो तुमच्या पोर्टची वाट बघून,” लिफ्ट दुरुस्त करणारा म्हणाला.

“काकू, तुम्हीच सांगा ना यांना,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. त्यांनी काकडी-कांद्याची बशी पुसून खाल्ली होती. “आणि यात काय घालता, तेही सांगा एकदा.”

“सांगितलं तर यायच्या बंद व्हाल,” काकू म्हणाल्या आणि रिकामी बशी उचलून आत गेल्या.

काकांना कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. बरणी तयार होणारच नव्हती. ती पहिल्याच वर्षी व्हिनेगर झाली होती. पोर्टचं सगळं गणित एका दिवसावर असतं. रस आंबत असताना, त्यात गोडवा शिल्लक आहे तोवर ब्रँडी ओतायची. नेमका तो दिवस काकांनी या डॉक्टरच्या स्वयंपाकघरात घालवला होता, ब्रँडी कधी ओतायची ते त्याला समजावत. शंभरदा विचारलं होतं त्याने! घरी येईपर्यंत काकांच्या रसातला गोडवा पार संपला होता. पुढे बूचही सैल राहिलं आणि आत हवा शिरली. आणि ज्याच्यापायी वाट लागली, तोच आता छातीवर बसला होता.

“अजून तयार—”

“पुरे!” डॉक्टर उठला. तरातरा आतल्या खोलीत गेला, पलंगाखाली वाकला आणि उजेड लागू नये म्हणून ब्लँकेटात गुंडाळलेली पाच लिटरची बरणी त्याने ओढत बाहेर आणली. “बापरे, जड आहे! भरलेली दिसते.”

“हात लावू नका तिला!” काका ओरडले. आवाज फाटला. आता एक घोट, मग सगळ्यांची वाकडी तोंडं, मग उद्यापासून फोन बंद. एवढंच त्यांना दिसत होतं.

डॉक्टरने ब्लँकेट काढलं.

बरणी गळ्यापर्यंत गोट्यांनी भरली होती. हिरव्या, निळ्या, पिवळ्या. तळाशी चमचाभर लालसर काहीतरी होतं.

वाइन काढली की पातळी उतरते, वर हवा शिरते आणि हवेने वाइन बिघडते. म्हणून घरी वाइन करणारे धुतलेल्या काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणतात. काकांनीही सुरुवातीला टाकल्या होत्या. चार. बिनरंगाच्या. नंतर त्यांनी लाजेपोटी बरणीकडे पाहिलंही नव्हतं. या शेकडो गोट्या कुणाच्या?

“मी संपवली,” दारातून काकू म्हणाल्या.

सगळे वळले. काकू पदराला हात पुसत पुढे आल्या आणि त्यांनी बुचावर हात ठेवला. “यांना कळू नये म्हणून गोट्या टाकत गेले. आधी मुलांच्या टाकल्या, मग विकत आणल्या. आता गोटीही मावत नाही.”

“सगळी?” डॉक्टरचा चेहरा पडला. “इतकी चांगली होती?”

“अकरा वर्षं चमचा-चमचा काढतेय, भाऊ. वाईट असती तर काढली असती का?”

“निदान तळाची तरी—”

“तळाचा गाळ पाहुण्यांना देऊ? सोडा ती बरणी.”

ग्रंथपाल बाईंनी मंडळाची वही काढली आणि काकांच्या पोर्टपुढे न चाखताच ‘सर्वोत्तम’ लिहिलं. जाताना डॉक्टर काकांच्या पाया पडला. काकांना त्याला लाथ घालावीशी वाटली.

मंडळी गेली. काका बरणीसमोर बसले. त्यांना भयंकर राग आला होता, पण नक्की कुणाचा ते ठरेना. शेवटी ते बरणी उचलून स्वयंपाकघरात गेले. काकूंनी पुन्हा काकडी चिरायला घेतली होती. कांदा चिरून झाला होता.

“ते व्हिनेगर होतं,” काका म्हणाले.

“मग? मला काय जीभ नाही?” काकूंनी बरणी तिरकी केली, गोट्या खळखळल्या आणि शेवटचे चार थेंब काकडीवर पडले. “अकरा वर्षं बोटं चाटताय सगळे. आता नवी लावा. आणि कृपा करून या वेळी नीट जमवायला जाऊ नका.”