तिसरी घंटा

‘आवाज बसलाय. आणखी काय बोलणार!’

ग्रुपवर एवढंच येऊन पडलं आणि रश्मीच्या हातातला चहा तसाच राहिला. लिहिणाऱ्याचं नाव होतं ‘तिसरी घंटा’. त्या ग्रुपवर खऱ्या नावानं कुणीच नसायचं, नंबरही दिसायचा नाही. दर शुक्रवारी नवे अल्बम आले की घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंतचे गाणंवेडे तिथे जमायचे आणि संध्याकाळपर्यंत एकेकाची सालटी काढायचे. आज पाळी होती ‘ओल्या भिंती’ची. रश्मीचा पहिलावहिला अल्बम. आणि ती स्वतः ‘दादू’ नाव घेऊन तिथेच लपून बसली होती. आपल्या पाठीमागे लोक काय बोलतात ते ऐकायची हौस, दुसरं काय!

सकाळपासून सगळं झकास चाललं होतं. ‘मुलुंडचा मल्हार’नं तर चालींचं तोंड भरून कौतुक केलं होतं. ही एक ओळ आली आणि वारं फिरलं.

‘आता तू म्हणालास म्हणून, दुसऱ्या गाण्यात मलाही घोगरा वाटला,’ मल्हारच म्हणाला.

‘रेकॉर्डिंगच्या आधी घसा तरी दाखवायचा ना यार,’ आणखी कुणीतरी.

घ्या! सकाळी हेच कान होते ना? दादूनं विचारलं, ‘बसलाय म्हणजे?’ पण विचारून काय उपयोग! तिसरी घंटा नेहमी तशीच. लिहायचं आणि पसार व्हायचं, मागे वळून बघायचं नाही.

रश्मीचा हात गळ्याकडे गेला. गेल्या वर्षी तिच्या स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी बोलणंसुद्धा बंद केलं होतं. गाणं कायमचं जातंय की काय, या भीतीनं तिची वाट लागली होती. घरी तिनं मौनव्रत म्हणून सांगितलं. चंद्रप्रकाशकाकांनाही कळू दिलं नाही. काका अल्बमचे रेकॉर्डिस्ट. नाटकांच्या विंगेत ध्वनी सांभाळत आयुष्य गेलेला आणि आता गोरेगावच्या एका स्टुडिओत रमलेला भला माणूस. त्यांनी घाबरून रेकॉर्डिंगच पुढे ढकललं असतं.

माहीत होतं ते फक्त मानसीला. शाळेपासूनची मैत्रीण, अल्बममध्ये रश्मीच्या मागे आवाज देणारी मानसी. आणि एरवी मानसी काय करायची? नाटकात काम!

तिसरी घंटा. नाटकाचा पडदा उघडण्याआधी वाजते ती!

सोमवारी मानसी चेंबूरहून आली ती ज्येष्ठमधाची डबी घेऊनच.

“रशे, घसा कसा आहे गं?”

“का? काय झालंय घशाला?”

“काय होणार? शनिवारी मुलुंडला कार्यक्रम आहे ना आपला. जप हो. आणि लोक काय लिहितात ते वाचत बसू नकोस.”

“कोण काय लिहितं, ते तुला कसं माहीत?”

“लिहितातच ना लोक. तोंडं कुठे बंद असतात त्यांची?” मानसीचा फोन वाजला. तिनं तो बघितला आणि पालथा ठेवला.

पालथा का ठेवला? रश्मीची नजर त्या फोनवरून हलेना. सख्खी मैत्रीण म्हणे! डबीतला ज्येष्ठमधसुद्धा तिला आता कडू वाटायला लागला.

“तिसरी घंटा कधी देतेस?” तिनं एकदम खडा टाकला.

“कसली? नाटक म्हणतेस? रविवारी प्रयोग आहे. पण तिसरा अंक अजून बसलेला नाही गं, दिग्दर्शक नुसता बोंबलतोय. मघाशी त्याचाच फोन होता.”

काय पण सोंग! रश्मीचा संयम सुटला.

“पुरे कर. माझा आवाज बसलाय म्हणून जगाला सांगत सुटलीस ना? जळतेस तू. आयुष्यभर माझ्या मागेच उभी राहणार, हे कळलंय तुला. शनिवारी येऊ नकोस. मी दुसरी मुलगी बघितली आहे.”

मानसी उठली. तिनं पर्समधून रश्मीच्या घराची किल्ली काढून टीपॉयवर ठेवली. ही किल्ली मौनाच्या दिवसांतली, दार उघडून आत यायला रश्मीनंच दिलेली.

“तुझ्या घशाचं मी माझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं, रश्मी.”

रशे नाही, रश्मी. दार हळूच लागलं. रश्मीला आत कुठेतरी टोचलं, पण तिनं मन घट्ट केलं आणि ज्येष्ठमधाची डबी कचऱ्यात टाकली.

शनिवारी दुपारी मुलुंडच्या रिकाम्या नाट्यगृहात आवाजाची चाचणी होती. मानसीच्या जागी सुलक्षणा नावाची नवी मुलगी अंग चोरून उभी होती. मागे, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेपाशी, चंद्रप्रकाशकाका आपला साउंड मिक्सर मांडून बसले होते.

“मानसी कुठंय गं?” त्यांनी माइकवरून विचारलं.

“नाही येणार ती.”

“अरेरे! जीव लावून गायची पोरगी. बरं, चल, मुखडा घे.”

रश्मी गायली. घोगरेपणा ऐकू येतोय का? कळतोय का कुणाला? काकांनी बासरी जरा मागे घेतली, तबला खाली आणला. मान हलवली.

“थांब. अजून नाही. पुन्हा घे.”

ती पुन्हा गायली. काकांनी डोळे मिटले, एक बटण केसभर वर सरकवलं आणि तसेच ऐकत राहिले. मुखडा संपला. त्यांनी डोळे उघडले तेव्हा चेहरा नुसता फुलला होता. अंगठा उंच धरून त्यांनी माइक ओठांपाशी ओढला.

“आवाज बसलाय. आणखी काय बोलणार!”