बाहेरच्या मुलीची गोष्ट वेगळी

लवंगीने भांड्यांची घासणी बाबांच्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवली आणि आजपासून फुकट काम बंद, असं जाहीर केलं.

तिचं खरं नाव दाखल्यापुरतंच होतं. सोळा वर्षांच्या त्या पोरीला घरीदारी सगळे लवंगीच म्हणत, आणि का म्हणत, ते त्या सकाळी पुन्हा एकदा कळलं.

बाबा बसमधले तिकीट तपासनीस. फुकटा प्रवासी आपण चेहऱ्यावरून ओळखतो, असं ते चारचौघांत सांगत. आई रुग्णालयात नर्स होती. तिच्या पाळ्या बदलत्या, म्हणून भांडी, केर, कपड्यांच्या घड्या हे सगळं कॉलेजातून आल्यावर लवंगीच्या गळ्यात पडे.

"घर म्हणजे काय दुकान आहे?" बाबा म्हणाले. "पैसे हवे तर माग, देतो की."

"मागायचे नाहीत. कमवायचेत."

तिला पोहायला शिकायचं होतं. दोनदा तिने विषय काढला आणि दोन्ही वेळा बाबांनी खूळ म्हणून उडवून लावला. स्वतःच्या कमाईतून खूळ केलं तर त्याला कुणाची परवानगी लागणार नव्हती. हे तिला कळत होतं आणि बाबांनाही चांगलंच कळत होतं.

"माझ्या मुलीला या घरात कामाची दमडी मिळणार नाही," ते म्हणाले.

"आणि बाहेरच्या मुलीला?"

"तिची गोष्ट वेगळी. ती घाम गाळेल, पैसे घेईल."

"मग बाहेरचीच ठेवा," असं म्हणून लवंगी कॉलेजला गेली.

बाबांना वाटलं, दोन दिवसांत ताळ्यावर येईल. पण मोरीत भांड्यांचा डोंगर झाला, धुतलेले कपडे खुर्चीवर तसेच पडून राहिले, आणि लवंगी आपल्यापुरती एक ताटली विसळून त्यात जेवू लागली. आईने कुणाचीच बाजू घेतली नाही. ती आपला डबा घासून आणी आणि पाय वर करून वाचत बसे. एकदा बाबांनी स्वतः कढई घासायला घेतली, अर्ध्यावर सोडली आणि कंबर धरून बाहेर आले. बाप-लेक दोघंही हट्टाला पेटलेले. खरं सांगायचं तर ती कुणावर गेली होती, ते वेगळं सांगायला नको.

शेवटी लवंगीच म्हणाली, तिच्या वर्गातली एकजण काम शोधतेय, सांगू का? बाबांनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. पण मोरीतून वास यायला लागला होता. सांग म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चष्मिष आली. घरी, वर्गात सगळे तिला तेच म्हणतात, असं तिने हसून सांगितलं. पोरगी शिट्टी वाजवत काम करायची, पण मोरी आरशासारखी करून जायची. तिचे पैसे बाबा आठवड्याच्या आठवड्याला न मागता हातावर ठेवत. ती कुणाची कोण, हे विचारण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही.

रात्री जेवताना ते लवंगीला तिचं कौतुक ऐकवत. कष्टाची लाज नाही त्या पोरीला, शीक जरा. लवंगी आता रोज संध्याकाळी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाई आणि परतल्यावर भुकेलेली, निमूटपणे जेवे. इतकी निमूट, की बाबांना वाटलं, खोड मोडली.

पुढे त्यांना खोकला झाला. घरात औषध नेहमी आईच आणायची. या वेळी मात्र तिने कोपऱ्यावरच्या दुकानात तुमचे तुम्हीच जा म्हणून सांगितलं आणि पुस्तकात डोकं घातलं.

औषधांच्या दुकानातली बाई बोलकी होती. बाबांना तेवढंच हवं होतं. मुलीची खोड कशी मोडली, ते त्यांनी खोकत खोकत रंगवून सांगितलं. बाईने बाटली पुसून त्यांच्यापुढे ठेवली.

"अगदी माझ्या मनातलं बोललात," ती म्हणाली. "आमच्या चष्मिषनेही हेच नाटक केलं होतं. मी ठाम राहिले. घरच्या मुलीला कसले पैसे? त्यापेक्षा तिच्याच वर्गातली एक कामाला ठेवली. इतकी गुणी पोर आहे म्हणून सांगू! आणि आमची बसते रोज मैत्रिणीकडे अभ्यास करत."

बाबांचा हात बाटलीवरच राहिला.

दुकानामागेच घर होतं. बाईने त्या गुणी पोरीला आत हाक मारली. ओले हात पुसत एक मुलगी दारात आली, गिऱ्हाइकाकडे पाहून क्षणभर थांबली, आणि मग मान ताठ करून म्हणाली, "बाबा, मी आत्ता कामावर आहे. आपण घरी बोलू."