अंगठ्याखालचे सिंह

हरेल त्याने सकाळचा चहा करायचा, हा शरयू आणि यशवंतरावांचा लग्नापासूनचा नियम. यशवंतरावांची दृष्टी गेली, तरी नाणं उडवणं काही थांबलं नाही. ते नेहमी "छापा" म्हणत. नाणं टेबलावर पडे आणि काटा आला असला, तरी शरयू "छापाच! जिंकलात," म्हणून खुशाल गॅसकडे वळे. ते चाचपत नाणं उचलून खिशात टाकत.

आज रेडिओवर वाद रंगला होता, देशाच्या नाण्यांवरची नक्षी बदलावी का?

"मुळीच नको," यशवंतराव फणकारले. "परवा वाण्याने एक नवं नाणं दिलं. मेलं दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत! आपल्या जुन्यावरचे छाप्याकडचे सिंह कसे अंगठ्याला लागतात."

शरयूचा हात कपावरच थांबला. "म्हणजे रोज तुम्हाला कळत होतं?"

"न कळायला काय झालं?"

"मग कधी बोलला नाहीत ते!"

"काय बोलणार? मी गॅसपाशी गेलो की तुझा जीव थाऱ्यावर राहत नाही." ते हसले, पण हसू लगेच मावळलं. "उडव आता. छापा."

तिने नाणं उडवलं. ते टेबलावर गरगरलं आणि आडवं झालं. वर सिंह होते.

"काटा," ती म्हणाली. "हरलात."

यशवंतरावांनी हात पुढे केला. त्यांचा अंगठा सिंहांवरून सावकाश फिरला.

"हरलो बुवा," म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या. "आलं किती घालू?"