तीन मिलिमीटर

"पुन्हा मोजा," संचालक म्हणाले.

तिने पाचव्यांदा मोजली. आकडा तोच आला. यायचाच होता, मेलेल्या पक्ष्याची चोच काही रातोरात वाढत नाही.

तिच्या तळहातावर कापूस भरलेला वटवट्या पडला होता, बोटभर लांबीचा, तीस वर्षांपूर्वीचा. पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर नाव होतं लांबचोच्या वटवट्याचं. या भागात सापडलेला एकुलता एक, आणि तो ओळखला होता तिच्या सासऱ्यांनी. उद्या संग्रहालयाच्या नव्या दालनाला त्यांचं नाव दिलं जाणार होतं. दारावर याच पक्ष्याचं माणसाएवढं चित्र लागलंही होतं.

आणि हा पठ्ठ्या साधा वटवट्या निघाला होता.

रंगावर जाण्यात अर्थ नव्हता. दोन्ही जाती पाठीला मातकट, पोटाला पांढुरक्या, डोळ्यावर तीच फिकट भुवई. त्यात जुन्या कातड्याचा रंग उतरतो. फरक काय तो चोचीत, आणि चोच मोजायच्या तऱ्हा दोन. पिसं संपतात तिथपासून मोजा, नाहीतर कॅलिपर पिसांत खुपसून कवटीला टेकवा. कवटीपासून मोजली की तीन मिलिमीटर जास्त भरते. संग्रहालयाचा जाती ओळखायचा तक्ता पिसांपासूनचा होता. कपाटातले बाकी सगळे पक्षीही तसेच मोजलेले. हा एकटाच कवटीपासून; जुन्या नोंदीतला आकडा तिच्या मापापेक्षा नेमका तीन मिलिमीटरने जास्त होता.

"बाबांची चूक झाली," ती म्हणाली. "मी दुरुस्तीची चिठ्ठी बांधणार."

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तुम्ही घरच्याच! सासऱ्याच्या सत्काराच्या आदल्या दिवशी कोणती सून असं करते?"

"मूठ झाकायची असती तर बाबांनी मला मोजायला शिकवलं नसतं."

"नाव वटवट्याचं, आणि वटवट तुमची," संचालक वैतागून म्हणाले.

तेवढ्यात म्हातारेबुवा स्वतःच काठी टेकत आत आले. उद्याच्या सत्काराच्या जागेवर उभं राहून बघायला बोलावलं होतं त्यांना. या माणसाने तिला आधी विद्यार्थिनी म्हणून वाढवलं, मग सून म्हणून. तरी तिने सांगून टाकलं, एका दमात, आकड्यांसकट.

ते खुर्चीत बसले. जुनी नोंदवही मागवली. भिंग लावून त्या ओळीवर बराच वेळ थांबले.

"अक्षर माझं आहे," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"आकडा तुझा आहे."

तिला कळेना.

"तू पहिल्या वर्षाला होतीस. त्या दिवशी माझा चष्मा फुटला होता. तू मोजून आकडा सांगितलास, मी लिहून घेतला. कुठून मोजलीस ते विचारलं नाही. कॉलेजात तुम्हाला कवटीपासून शिकवत, पिसांपासून मी तुला शिकवलं ते नंतर, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही."

तिला आठवलं. तो लांब आकडा सांगताना आपला आवाज किती चढला होता, तेसुद्धा आठवलं. तिचे कान तापले.

"माझ्यावरच राहू दे," म्हातारेबुवा हळूच म्हणाले. "मी पिकलं पान. तुला अजून इथे नोकरी करायची आहे, पोरी."

संचालकांचा चेहरा एकदम खुलला. "चला, मिटलं! आता तरी ती चिठ्ठी राहू द्या. दुसऱ्याची चूक काढणं सोपं असतं, बाई."

तिने कॅलिपर टेबलावर ठेवला.

"दोरा द्या," ती म्हणाली.

संचालक हलले नाहीत. म्हातारेबुवांनी खण उघडून दोऱ्याचं रीळ तिच्यापुढे सरकवलं.

जुनी चिठ्ठी काढायची नसते, नवी तिच्या शेजारी बांधायची असते. त्या नव्या चिठ्ठीवर तिने स्वतःचं नाव दोनदा लिहिलं. एकदा दुरुस्ती करणाऱ्याच्या जागी, आणि त्याच्या वर, शाई गडद करून, चूक करणाऱ्याच्या.